मागची बाजू

एखादे गाणे फार आवडले की ते हळूहळू ऐकू येईनासे होते. हे विधान विचित्र वाटेल. पण ज्यांनी एखाद्या गवयावर किंवा वाद्यवृंदावर पन्नास-साठ वर्षे जीव लावला आहे त्यांना ते पटावे. पहिल्या शंभर वेळा आपण गाणे ऐकतो. पुढच्या शंभर वेळा, ते मागे कुठे आणि कोणाबरोबर ऐकले होते ते आठवतो. त्यानंतर मात्र गाणे वाजते आहे एवढीच नोंद मनाशी होते; घरातल्या घड्याळाचे टोले जसे पडतात आणि किती पडले असे कोणी विचारले तर सांगता येत नाही, तसे.

माझे हे बीटल्सच्या बाबतीत झाले. सत्तरी ओलांडलेल्या, गिरगावात वाढलेल्या बाईने लिव्हरपूलच्या चार पोरांचे नाव घ्यावे याचे आमच्या भजनी मंडळात अजूनही हसे होते. होऊ द्या. 1962 च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली तबकडी बाजारात आली आणि 1970 साली ते चौघे चार दिशांना गेले. एवढ्या सात-आठ वर्षांत त्यांनी दोनशेहून अधिक गाणी करून ठेवली. त्यांतली तीस-चाळीस साऱ्या जगाला ठाऊक आहेत. हॉटेलात, विमानतळावर, दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत ती वाजत असतात. ती मलाही तोंडपाठ आहेत, आणि नेमकी तीच मला ऐकू येत नाहीत. म्हणून गेली दोन वर्षे मी उरलेली ऐकते आहे.

ही गाणी मुळात उरली कशी, याची हकीकत सांगितली पाहिजे. बीटल्स मला मिळाले ते दादाकडून. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आजोबांच्या वेळचा किल्लीचा ग्रामोफोन होता आणि त्यावर बालगंधर्वांची नाट्यपदे वाजत. त्याच ग्रामोफोनवर दादाने 1964 साली बीटल्स लावले. आजच्या मुलांना हे खरे वाटत नाही. तिकडे इंग्लंडात 45 फेऱ्यांच्या लहान तबकड्या निघत होत्या. पण आपल्याकडे ज्यांच्या घरी विजेचे यंत्र नव्हते त्यांच्यासाठी बीटल्सची सुरुवातीची गाणी 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या, जड तबकड्यांवरही निघत. कलकत्त्याजवळ डमडमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता, तिथून त्या येत. परदेशातले संग्राहक आता त्या तबकड्या जपून शोधत असतात असे ऐकते. आमच्याकडे त्या ट्रंकेत, आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवलेल्या असत. हातातून पडली की तबकडी संपली. तीन त्या मार्गाने गेल्या.

लाखेच्या तबकडीला पोलादी सुई लागते. ती एका बाजूपुरती. बाजू वाजून झाली की सुई टाकून द्यायची; नाही तर बोथट झालेली सुई तबकडीचे चर खरवडून काढते. सुयांची डबी वडिलांच्या ताब्यात असे आणि हिशेब चोख असे. दादाला दिवसाकाठी दोन सुया मिळत. ज्याला दिवसाला दोनच सुया मिळतात तो त्या मागच्या बाजूवर कशाला घालवील? 

"दादा, एकदा उलटून लाव ना," मी म्हणायची.

"मागे काही नसतं गं. पुढे गाणं असतं, मागे भरती असते."

"तुला कसं ठाऊक? तू ऐकलंयस का?"

"ऐकायला कशाला पाहिजे? चांगलं असतं तर पुढे नसतं का घातलं?"

या युक्तिवादाला तेरा वर्षांच्या मुलीजवळ उत्तर नव्हते. पुढे दादाला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली, पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून विजेवर चालणारे यंत्र घरात आले, त्याची सुई महिनोन् महिने टिकू लागली. तरी सवय राहिलीच. माणसांच्या सवयी टंचाईत पडतात आणि सुबत्तेतही सुटत नाहीत. आमची आई पाण्याचे पिंप शेवटपर्यंत भरून ठेवत होती, नळाला चोवीस तास पाणी आल्यावरसुद्धा.

दादाचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने खोटे नव्हते. तबकडीला दोन बाजू असतात म्हणून दोन गाणी घालायची. गिऱ्हाईक पैसे देते ते पुढच्या गाण्याचे. पुष्कळ मंडळी मागे वाटेल ते घालून मोकळी होत. बीटल्सनी सहसा तसे केले नाही. शिवाय त्यांची एक रीत अशी की इंग्लंडात लहान तबकडीवर दिलेले गाणे ते बहुधा मोठ्या तबकडीवर पुन्हा घालीत नसत. त्यामुळे झाले असे की मागच्या बाजूची कितीतरी गाणी मागच्या बाजूलाच राहिली. ज्याने तबकडी उलटली नाही त्याच्या दृष्टीने ती जन्मलीच नाहीत. 1988 साली 'पास्ट मास्टर्स' नावाने त्यांचा एकत्र संग्रह निघाला. तोवर पंधरा-वीस वर्षे लोटली होती, माझ्या पदरात दोन मुले होती, आणि संग्रह विकत घ्यावेत असे ते दिवस नव्हते.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. तबकड्यांची पेटी माझ्याकडे आली, कारण पुतण्याकडे ठेवायला जागा नव्हती. "आत्या, सगळं फोनवर आहे," तो म्हणाला. ते खरेच आहे. पण फोनवरच्या गाण्याला मागची बाजू नसते.

पेटी आल्यावर मी पहिल्यांदा अर्थातच ओळखीची गाणी लावली. लॅमिंग्टन रोडवरून नवी सुई आणली, यंत्राचा पट्टा बदलून घेतला, आणि 'शी लव्हज यू' लावले. गाणे सुरू झाले आणि दादाचा अंगठा पलंगाच्या कडेवर ठेका धरू लागला. दुसरे लावले, तिथेही अंगठा. गाणे राहिले बाजूला. चार दिवस असे केले, मग सोडून दिले. म्हातारपणी रडायला काही हरकत नाही. पण त्याला संगीत ऐकणे म्हणता येणार नाही.

मग एका संध्याकाळी तबकडी पाकिटात घालताना ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली गेली. पुढची बाजू करडी पडली होती, स्लेटपाटीसारखी. हजार वेळा सुई फिरली म्हणजे काळा रंग असा उडतो. उलटून पाहिले. मागची बाजू काळीभोर, तुकतुकीत. दुकानातून आणली तशीच. एकामागून एक तबकड्या काढून पाहिल्या. सगळ्यांची तीच गत. साठ वर्षे त्या अर्ध्याच वाजल्या होत्या. मला त्या पेटीत माझ्या वाटणीचा निम्मा हिस्सा कोणीतरी सीलबंद ठेवल्यासारखे वाटले.

यातली काही गाणी मी एकदा ऐकून ठेवून दिली, हे कबूल केले पाहिजे. मागच्या बाजूला हिरेमाणके असतात असे समजणे हीसुद्धा एक फॅशन आहे. पुष्कळ रसिक अप्रसिद्ध गाण्यावर प्रेम करतात ते गाण्यासाठी नव्हे. ते इतरांना ठाऊक नाही यासाठी. मला त्यांचा कंटाळा येतो. प्रसिद्ध गाणी बहुधा चांगली असतात म्हणूनच प्रसिद्ध असतात, आणि दादाचा कान तसा पक्का होता. पण पक्का कानही जे ऐकले नाही त्याचा न्याय करू शकत नाही.

1965 च्या 'तिकिट टू राइड'च्या मागे 'येस इट इज' आहे. तिघे तीन स्वरांत गातात आणि ते स्वर एकमेकांच्या इतके जवळून जातात की आता घासतील असे वाटत राहते. घासत नाहीत. 1966 च्या 'पेपरबॅक रायटर'च्या मागे 'रेन' आहे, म्हणजे पाऊस. पावसाची तक्रार करणाऱ्या लोकांची त्यात थट्टा आहे. ऊन काय नि पाऊस काय, सगळा मनाचा खेळ, असा काहीसा सूर. गिरगावात गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेल्या मुलीला तो सूर तितकासा पटणारा नाही. पण वाजवणे असे आहे की वाद घालायचे भान राहत नाही. मुळात त्यांनी साथ जलद वाजवून मुद्रित केली आणि मग फीत सावकाश फिरवली, त्यामुळे तिला भिजलेल्या घोंगडीसारखे वजन आले आहे. रिंगो स्टारने स्वतःच्या ढोलवादनात यालाच सर्वांत वरचे स्थान दिले आहे. आणि शेवटी लेननचा आवाज उलटा ऐकू येतो. फीतच उलटी लावली आहे. दादाने ही बाजू लावली असती तर तबकडी बिघडली म्हणून तो दुकानात भांडायला गेला असता. दुकान काळ्या घोड्यापाशी, 'ऱ्हिदम हाउस'. 2016 साली तेही बंद झाले.

मोठ्या तबकडीला पुढची-मागची अशी नसते. तिला दुसरी बाजू असते, आणि दुसरीचा शेवट असतो. 1964 च्या 'अ हार्ड डेज नाइट'च्या पहिल्या बाजूला त्याच नावाच्या चित्रपटातली सात गाणी आहेत. दादाने तो चित्रपट पाहिला होता, म्हणून तीच बाजू. दुसऱ्या बाजूचे अगदी शेवटचे गाणे 'आय विल बी बॅक'. मी परत येईन, एवढाच अर्थ. परतणाराला आपण परतू नये हे कळते आहे आणि तो तरी येणार आहे. या गाण्यावर मी एक आख्खा मार्गशीर्ष काढला. धृपद म्हणावे असे त्यात काही नाही. एका कडव्यातून दुसऱ्यात जाताना ते कुठेतरी भलत्याच वाटेला वळते, परत येते. आणि त्याची खरी गंमत आपल्या भाषेत सांगायची तर गंधाराची आहे. षड्ज तोच, पण गंधार घडीत कोमल, घडीत शुद्ध. कोमल लागला की वाटते, हा माणूस हरला. लगेच शुद्ध लागतो आणि वाटते, नाही, बरा आहे. शेवटी गाणे विरत जाते तेव्हाही हे दोन्ही आलटून पालटून चालूच असतात. कोणता खरा ते न सांगताच आवाज नाहीसा होतो. माझे संगीताचे शिक्षण पेटीच्या चार वर्षांपलीकडे गेले नाही, पण गंधार बदलल्यावर पोटात काय होते ते कळायला तेवढे पुरते.

1995 साली त्यांच्या जुन्या, अर्धवट मुद्रणांचा एक संग्रह निघाला. त्यात याच गाण्याचा आधीचा प्रयत्न ऐकायला मिळतो. तो तीन मात्रांच्या झुलत्या चालीत आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळपास. लेनन मध्येच अडखळतो, हे गायला फार अवघड जाते म्हणून थांबतो, आणि मग ते चार मात्रांत येते. मला तो अडखळलेला तुकडाही आवडतो. झुलत्या चालीत तोच निरोप लाडिक वाटतो. सरळ चालीत तो पाय ओढत दाराकडे निघालेल्या माणसाचा होतो. ताल बदलला की माणूस बदलतो हे आपल्या ठुमरी गाणाऱ्या बायांना पूर्वीपासून ठाऊक असावे.

'लाँग, लाँग, लाँग'ची कथा मात्र आमच्या चाळीची आहे. 1968 च्या नोव्हेंबरात पांढऱ्या पाकिटातली जोडतबकडी निघाली आणि दादाने ती पुढल्या वर्षीच्या दिवाळीच्या बोनसातून आणली. तिच्या तिसऱ्या बाजूच्या शेवटाकडे 'हेल्टर स्केल्टर' आहे. बीटल्सनी केलेला सर्वांत मोठा गोंगाट तो हाच. तो सुरू झाला की आधी पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप पडे, मग खालच्या मजल्यावरून कोणीतरी दादाच्या नावाने हाक मारी, आणि अखेर वडील वर्तमानपत्र खाली ठेवीत. वर्तमानपत्र खाली ठेवले गेले की सुई उचलायची, हा घरचा कायदा. त्यामुळे त्या गोंगाटानंतर काय आहे ते आमच्यापैकी कोणीही कधी ऐकले नाही. त्यानंतर, त्याच बाजूला, अगदी शेवटी, त्यांचे सर्वांत हळू म्हटलेले गाणे आहे. जॉर्ज हॅरिसनचे. इतके हळू की यंत्राचा आवाज वाढवावा लागतो. फार दिवसांनी कोणीतरी सापडल्याचा आनंद तो सांगतो. ते माणूस की देव हे स्पष्ट करीत नाही. आणि शेवटाला एक खुळखुळ ऐकू येते. ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर कोणाची तरी दारूची बाटली ठेवलेली होती. ऑर्गनचा एक विशिष्ट स्वर दाबला की ती थरथरायची. त्यांनी तो आवाज पुसला नाही, उलट वाढवला. देवाच्या शोधात दारूच्या बाटलीची साथ! वडिलांना हे सांगितले असते तर वर्तमानपत्र कायमचेच खाली राहिले असते.

हॅरिसनपाशी आले आहे तर आता मुख्य गोष्टीकडे येते.

1966 च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये हॅरिसनचे 'लव्ह यू टू' नावाचे गाणे आहे. त्यात सतार आहे, तबला आहे, आणि पाकिटावर तबलजीचे नाव छापले आहे: अनिल भागवत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते आले होते. बीटल्सच्या पाकिटावर परक्या वादकाचे नाव छापले जाणे ही तेव्हा मोठी अपूर्वाई. दादाने ते पाकीट चाळीच्या तिन्ही मजल्यांवर फिरवले. "आपला भागवत!" असे तो प्रत्येक दारात सांगे. वडिलांनी चष्मा लावून नाव वाचले आणि विचारले, "कुठले भागवत?" दादा म्हणाला, "लंडनचे." वडिलांनी मान हलवली, लंडनच्या भागवतांशी आमचे येणे-जाणे नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला आणि खोट्या नावाने ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. दादा दोन संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहून खिडक्या मोजून आला. काही दिसले नाही. पण पुढे कित्येक वर्षे तो पाहुण्यांना सांगताना "मी आणि हॅरिसन" अशी सुरुवात करीत असे.

आणि आता 'लेडी मॅडोना'. 1968 च्या मार्चमध्ये निघालेली ही तबकडी. पुढचे गाणे पियानोवरचे, ठसकेबाज. दादाच्या आवडत्या पाचांतले. मी ते उलटले. छापील वर्तुळावर 'दि इनर लाइट' आणि खाली नेहमीच्या लेनन-मॅकार्टनी जोडीऐवजी एकच नाव, हॅरिसन. बीटल्सच्या लहान तबकडीवर त्याचे गाणे येण्याची ती पहिलीच खेप. सुई ठेवली.

पेटी! लिव्हरपूलच्या त्या मुलांच्या तबकडीतून बाजाची पेटी वाजत होती. साधीसुधी, आपल्या नाटकातल्या साथीची वाटावी अशी. बासरी आली, सरोद आली. क्षणभर मला वाटले की आजोबांच्या तबकड्यांतले काहीतरी चुकून या पाकिटात आले आहे. मग तो गाऊ लागला, उंच पट्टीत, जरा भीत भीत. त्याला खरोखरच धीर होत नव्हता म्हणतात. लंडनला गायची वेळ आली तेव्हा मॅकार्टनीने त्याची समजूत घातली. शब्दांचा आशय लाओ त्सेच्या ताओ ग्रंथातून घेतलेला. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो नावाचे पंडित होते, गीता आणि उपनिषदे त्यांनी इंग्रजीत आणली; त्यांनी हॅरिसनला पत्र लिहून या मजकुराला चाल लावायला सुचवले. घराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येते, आणि जितके लांब जावे तितके कमी कळते, असा त्या वचनाचा भाव आहे. चिनी वचन, ते सुचवणारा संस्कृतचा पंडित, चाल लावणारा लिव्हरपूलचा, आणि पेटी आपली. गाणे अडीच मिनिटांहून थोडेसेच मोठे. मी ते त्या संध्याकाळी अकरा वेळा लावले.

मग उत्सुकतेने माहिती काढली, तेव्हा कळले की ही पेटी आपल्यासारखी नव्हे, आपलीच. 1968 च्या जानेवारीत हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत करायला पुन्हा मुंबईला आला होता. फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावर, एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे दोन ध्वनिपट्ट्यांचे यंत्र नव्हते. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणवून दिले. आपल्या वादकांना घेऊन काम झाले. 'वंडरवॉल'साठी वाजवणाऱ्यांत सरोदिये आशिष खाँ आणि संतूरवादक शिवकुमार शर्मा होते. स्टुडिओत बाहेरचा आवाज येई; त्या चित्रपटाच्या संगीतात रस्त्यावरच्या टॅक्स्यासुद्धा ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले. त्याच मुक्कामात त्याने एक जादा चाल वाजवून घेतली. तीच ही. फीत लंडनला गेली, फेब्रुवारीत तिच्यावर आवाज चढला, आणि त्याच महिन्यात मंडळी हृषीकेशला निघाली.

फिरोजशहा मेहता रस्ता! दादाची कचेरी तिथून दोन गल्ल्या पलीकडे. रोज दुपारी एकला तो डबा खाऊन त्याच रस्त्याने फेरी मारायचा. दोन वर्षांपूर्वी ताजच्या खिडक्या मोजत उभा राहिलेला हा माणूस, हॅरिसन आत पेटीवाल्याला चाल सांगत असताना, बाहेरून पान खात जात असला पाहिजे. त्याला हे कळले असते तर चाळच काय, आख्खे गिरगाव जागे झाले असते. त्या अर्थी त्याला ते कळले नव्हते. आणि दोन-चार महिन्यांनी तीच चीज सातासमुद्रांपलीकडे जाऊन, छापली जाऊन, त्याच्याच पाकिटात आली, पन्नास-पंचावन्न वर्षे त्याच्याच कपाटात राहिली. फक्त उलटायची होती.

यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. दादाची कीव येई, मग रागही येई. "मागे काही नसतं गं!" वाद घालायला उत्तम मुद्दा हाती आला होता आणि समोर कोणी नव्हते. साठ वर्षे थांबून मिळालेला मुद्दा असा फुकट गेला की काय करावे?

गेल्या श्रावणात वहिनी चार दिवस राहायला आल्या. दुपारची वेळ होती, बाहेर झड लागली होती आणि त्या खाली बसून गवार मोडत होत्या. मी त्यांना काही न सांगता 'दि इनर लाइट' लावले. पेटी सुरू झाली तशी त्यांनी मान वर केली.

"वन्सं, ही पेटी आपल्याकडची वाटते."

मग मी त्यांना सगळे सांगितले. जानेवारी, स्टुडिओ, कलकत्त्याहून आलेले यंत्र, दोन गल्ल्या. सांगता सांगता माझा आवाज चढला असावा. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. माझे झाल्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले.

"जानेवारी अडुसष्ट ना? म्हणजे आमचं ठरलं होतं, साखरपुडा व्हायचा होता. मी फोर्टात टायपिंगच्या वर्गाला जायचे. हे डबा न खाताच निघायचे आणि फाउंटनपाशी येऊन उभे राहायचे. घरी कोणाला ठाऊक नव्हतं."

"डबा न खाता? आईला तर रिकामा डबा परत मिळायचा!"

"डबा शिपाई खायचा," वहिनी म्हणाल्या. "रोज एक ते दीड. त्याच रस्त्यानं आम्ही चालायचो, आणि बोलायचो काहीच नाही. वन्सं, आत कोणी काही वाजवत असेल तरी ह्यांना कसलं ऐकू येतंय!"

मी काहीच बोलले नाही. तबकडी संपून सुई मधल्या कोऱ्या चरात खरखरत होती. ती उचलायला उठले तेव्हा वहिनींनी विचारले, "लग्नानंतर आणलेली पहिली तबकडी ही. पुढची बाजू आहे ना अजून नीट?"

"नीट कुठली? करडी पडलीय. चरे आहेत."

"असू दे. ती लावा."

मी तबकडी उलटली. पियानो सुरू झाला, मागे ती जुनी खरखर, आणि थोड्याच वेळात एका जागी सुई टपकन उडाली आणि पुढे गेली.

"हां," वहिनी म्हणाल्या, "तिथंच," आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.